आटलेला तुकडा

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून लेख मागितला, तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघालं, "कितीसा भाजू, सर?" मग ते म्हणाले, "मध्यम चालेल." माणूस समजूतदार निघाला. हा प्रश्न मी नोकरीभर ज्यांना विचारला त्यांतल्या निम्म्यांनी मला वेड्यात काढलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी स्वतःला फार शहाणं समजून चुकीचं उत्तर दिलं.

मी कॅप्टन होतो. आमच्या टोकावड्यात असं सांगितलं की म्हातारी माणसं विचारतात, "मिलिट्रीत का?" आणि पोरं विचारतात, "कुठली टीम?" हॉटेलातला कॅप्टन म्हणजे वेटरच्या वरचा आणि मॅनेजरच्या खालचा माणूस. चूक वेटरने केली तर बोलणी खायची, आणि कौतुक झालं तर मॅनेजरकडे बोट दाखवायचं. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत मी बरीच वर्षं हे केलं, मग मुंबईच्याच एका शेठने टोकावडे-वैशाखरे रस्त्याला रिसॉर्ट काढलं आणि त्यात स्टेकहाउस उघडलं. घरी राहून कामावर जाता येईल म्हणून मी तिकडे आलो. खाण्याची चैन मात्र झाली नाही, कारण स्टेकहाउसमध्ये काम करणारा माणूस स्टेक खात नाही. तो मागच्या पडवीत बसून डाळभात खातो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेक म्हणजे मांसाचा एकच जाड तुकडा. तो निखाऱ्यावर भाजायचा आणि बशीत एकटा ठेवायचा. रस्सा नाही, भाकरी नाही, भात नाही. शेजारी दोन बटाटे आणि एक हिरवी काडी. ती काडी खायची की नुसती बघायची, हे मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. परदेशात हा तुकडा गाईबैलाचा असतो. आमच्याकडे तो विषयच नव्हता, शेठने दारातच तशी पाटी लावली होती. मेंढीची मांडी, डुकराची फासळी, रावस आणि कोंबडी एवढ्या भांडवलावर आमचं स्टेकहाउस चाललं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गावात मात्र या हॉटेलाचं नाव पडलं ‘तुकडावालं’. ते पडलं पहिल्याच आठवड्यात. शेठने मान म्हणून सरपंचांना आणि चार मेंबरांना जेवायला बोलावलं. आमचे शेफ बिष्ट, गढवालकडचे, हाताने अतिशय चांगले. त्यांनी जीव ओतून पाच स्टेक पाठवले. पाहुण्यांनी चार घासांत ते संपवले, हात पुसले आणि बसले. मी डावा हात पाठीमागे घेऊन उभा. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय. बराच वेळ गेल्यावर सरपंचांनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सदू, चव चांगली हाय. आता जेवान वाड."

त्यांना वाटलं, चव बघायला तुकडा दिला आहे.

हेच जेवण, असं मी सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी पुढे एकाच माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्याच्याकडे येतोच. सरपंच उठले, शेठला हात जोडले आणि रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर कोंबडीभाकरी खाऊन घरी गेले.

मुंबईहून शनिवार-रविवारी येणारी गिऱ्हाइकं याच्या बरोबर उलटी. एक मोठं कुटुंब दर पावसाळ्यात यायचं, सगळे शुद्ध शाकाहारी. त्यांच्यासाठी पनीरचा स्टेक होता. त्यांच्यातल्या काकांना तोही ‘मीडियम रेअर’ लागायचा. पनीर अर्धकच्चं कसं ठेवायचं, हे बिष्टांनी मला विचारलं. मी म्हटलं, पाच मिनिटं उशिरा पाठवा आणि मी वाकून नेतो. काका खूश. दुसरे एक साहेब तुकडा परत पाठवण्यासाठीच जन्माला आले होते. आधी म्हणाले कच्चा, मग म्हणाले करपला. तिसऱ्यांदा बिष्ट शांतपणे म्हणाले, "कप्तान साब, प्लेट बदल दो." तोच तुकडा, बाजू उलटून, दुसऱ्या बशीत गेला. साहेबांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि सोबतच्या बाईंना म्हणाले, "याला म्हणतात स्टेक."

आता थोडं धंद्याचं. तुकडा किती भाजला गेला हे शेफ बोटाने दाबून ओळखतो. आपल्या गालासारखा मऊ लागला तर आतून कच्चा, हनुवटीसारखा लागला तर मध्यम, कपाळासारखा टणक लागला तर पूर्ण. घरी मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, हे ऐकलं आणि माझ्या कपाळाला बोट लावून म्हणाली, "तुमी कवाच शिजलाव." दुसरी गोष्ट, मांस भाजलं की आटतं. जितकं जास्त भाजाल तितकं जास्त आटतं. अर्धकच्चा तुकडा बशीभर दिसतो आणि त्याच वजनाचा पूर्ण भाजलेला तुकडा आक्रसून, कडा वळून, निम्मा दिसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या दिवशी मी ठेवलं नाही.

तिसरी गोष्ट आग्रहाची. मुंबईत मला ज्यांनी शिकवलं त्यांचा पहिला नियम हा, की गिऱ्हाइकाला ‘आणखी काही?’ एकदाच विचारायचं. नको म्हणाला की संपलं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या डोक्यावर बसणं. आणि आमच्याकडे? पहिलं ‘नको’ म्हणजे रीत. दुसरं ‘नको’ म्हणजे संस्कार. तिसऱ्या ‘नको’च्या वेळी पळी ताटावर उपडी झालेली पाहिजे. मी दिवसा एक नियम पाळायचो आणि रात्री पंगतीला बसलो की दुसरा. लग्नाकार्यात मी वाढायला उठलो की लोक उपाशी राहायचे, म्हणून मला पाणी वाढायला नेमायचे.

तर मनीषाचं लग्न.

मनीषा माझी एकुलती मुलगी, कल्याणला एका रुग्णालयात रक्त तपासायच्या विभागात काम करते. तिने नितेश पसंत केला. मुलगा उंबरमाळीच्या वरच्या अंगाच्या पाड्यातला, शहापूरजवळ एका मोठ्या गोदामात कामाला. आमच्यातलाच, निर्व्यसनी, बोलायला कमी. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मंदाने शोधायला कमी केलं नव्हतं. मुलाचे वडील हरीभाऊ, घरची भातशेती आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी. देणंघेणं काही नव्हतं, बोलणी झाली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. ती फुटेपर्यंत सगळं हवेत. तोपर्यंत एकमेकांना व्याही म्हणायचं नाही, ‘पावणे’ म्हणायचं.

रीतीप्रमाणे हे आमच्या घरी व्हायचं. मंदाने कोंबडा हेरून ठेवला होता, वड्यांचं पीठही दळून आणलं होतं. पण मला शिंगं फुटली. वर्षातून एकदा स्टाफच्या माणसाला कुटुंबासह हॉटेलात जेवता यायचं, ते मी कधी वापरलं नव्हतं. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या व्याह्यांना वाढलं, एकदा आपल्या व्याह्यांना पांढऱ्या टेबलावर बसवू. मंदा म्हणाली, "अवो, त्या मान्सांना तिथं घास जायाचा नाय." मी म्हटलं, "तुला यातलं कळत नाही." नवऱ्याने असं म्हटलं की पुढे काय होतं, हे वाचकांना सांगायला नको.

दिवाळी होऊन गेली होती. बुधवार निवडला, कारण बुधवारी दुपारी हॉटेल रिकामं आणि वारही मटणाचा. टेबलाला सहा माणसं. हरीभाऊ, त्यांच्या मंडळी येसूबाई, नितेश, मंदा, मनीषा, आणि मंदाचा भाऊ दिगंबर, म्हणजे मनीषाचा मामा. मामा कल्याणला कचेरीत असतो आणि आपल्याला सगळं माहीत आहे असा त्याचा समज आहे. मी बसलो नाही. मुलीच्या बापाने उभं राहून वाढायचं ही आमची रीत, आणि उभं राहून वाढायचं हा माझा धंदा. दोन्ही एकदाच जुळून आलं याचा मला अभिमान वाटत होता.

हरीभाऊ पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. टेबलावरच्या कापडाकडे बघून म्हणाले, "पावणे, ह्या चादरीवर जेवायचा? सांडला तर?"

"सांडू द्या. धुवायला माणसं आहेत."

त्यांनी खिशातून नवा रुमाल काढला, त्यातली सुपारी काढली आणि मिठाच्या डबीशेजारी ठेवली. आमच्या वेटरला टेबलावर काही जास्तीचं दिसलं की उचलायची सवय. तो हात पुढे करत होता, मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थेट भटारखान्यात गेला.

पंक्तिप्रपंच होऊ नये याची मी पूर्ण काळजी घेतली होती. एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं यासारखा दुसरा अपमान नाही, हे मला पोटात असल्यापासून माहीत. म्हणून सगळ्यांना एकच, मेंढीच्या मांडीचा बिनहाडाचा तुकडा. सहाही तुकडे बिष्टांनी वजनकाट्यावर टाकून सारखे काढले होते. इथे मी थांबायला हवं होतं. पण टेबलाशी उभा राहिलो की माझं तोंड माझं राहत नाही.

"कितीसा भाजू?" मी विचारलं.

हरीभाऊंनी आधी येसूबाईंकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "कितीसा म्हंजे? शिजवा की नीट. पूर्न शिजवा."

येसूबाई म्हणाल्या, "ह्यांचाच तसा माझा." मंदाने मान हलवली. मनीषा आणि नितेश एकदम म्हणाले, "मीडियम," आणि एकदम लाजले. मामाने खुर्चीत मागे रेलून सांगितलं, "मला मीडियम रेअर. जास्त भाजलं की मजा जाते." मामाने त्याआधी स्टेक फक्त फोनवर पाहिला होता.

ताटं एकदम आली. एका टेबलाची ताटं एकदम न्यायची, हाही आमचा नियम. मी झाकणं काढली आणि मागे सरून डावा हात पाठीवर घेतला. मामाच्या बशीत तळहाताएवढा, फुगलेला, लालसर, रसरशीत तुकडा. हरीभाऊंच्या बशीत आक्रसलेला, काळा, कडा वर वळलेला, शेंगदाण्याच्या चिक्कीएवढा.

मला काहीही दिसलं नाही. माझ्या दृष्टीने दोन्ही ताटं बरोबर होती, ज्याने जे मागितलं ते त्याला मिळालं होतं.

हरीभाऊंनी आपल्या बशीकडे बघितलं. मामाच्या बशीकडे बघितलं. पुन्हा आपल्या. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच उमटलं, जे सरपंचांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं होतं. त्यांनी बटाटा खाल्ला, पाणी प्यायलं. मग मिठाच्या डबीशेजारची सुपारी उचलली, रुमालात गाठ मारून खिशात ठेवली आणि उठले. "निगतो आमी," ते म्हणाले. "शहापूरची गाडी हाय."

गाडीला चांगले दोन तास होते.

मी पुढे झालो आणि म्हणालो, "सर, काही प्रॉब्लेम आहे का?"

"सर काय, सर!" मंदा माझ्या अंगावर खेकसली. "पावने उठले ना ताटावरून!"

येसूबाई पदर सावरत उठल्या. नितेश बसूनच होता, बापाकडे आणि मनीषाकडे आळीपाळीने बघत. धंद्यात हजार टेबलं रागावून उठलेली बघितली, पण त्यातल्या एकाही टेबलाने माझ्या मुलीचं काही नेलं नव्हतं. मनीषा खुर्चीवरूनच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ताटं बगा. त्यांचा बगा आनि मामाचा बगा."

मग मला दिसलं. मुलाच्या बापाला चिक्की आणि मुलीच्या मामाला तळहात.

मी हरीभाऊंना आडवा गेलो. सारख्याच वजनाचे होते, काट्यावर टाकले होते, भाजल्यावर आटतं, तुम्ही पूर्ण म्हणालात म्हणून जास्त आटलं, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"असल. पन पावणे, मी गावात वाटे घालतो. आमच्या गावदेवाच्या जत्रंला बोकड पडतो. सागाच्या पानांवर वाटे घालायचे, घराला एक. कच्च्यात घालायचे, समद्यांच्या समोर. आनि घालनाऱ्यानं शेवटचा उचलायचा. माझ्या आज्यापासून आमच्याकडं हाय ह्या काम. आजून कोन बोलला नाय का कमी पडला. शिजल्यावर दाखवलेला वाटा आमी मोजत नाय."

मेन्यूत अशा प्रसंगासाठी काही नव्हतं. आणि त्याच वेळी माझी नजर मामाच्या बशीवर गेली. मामाने सुरीने एक कोपरा कापला होता, आतला लाल रंग बघून तो कोपरा पुन्हा जागेवर चिकटवून ठेवला होता आणि तो शेजारची हिरवी काडी खात होता. त्याचा तुकडा सगळ्यांत मोठा दिसत होता याचं अर्धं कारण तर हेच, की त्याने तो खाल्लाच नव्हता.

"मग कच्च्यात घाला," मी म्हणालो.

"काय?"

"आत चला. मांडी आहे अख्खी. तुम्ही वाटे घाला, आम्ही बघतो. गाडीला वेळ आहे."

हे बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो. बिष्टांच्या भटारखान्यात शेठसुद्धा विचारून जायचे. मी दार उघडून नुसतं बघितलं, मागे हरीभाऊ, त्यांच्यामागे अख्खं टेबल. बिष्टांनी माझं तोंड बघितलं. त्यांना तीन मुली. "टोपी तो पहनाओ," एवढंच म्हणाले. हरीभाऊ आपली टोपी काढायला तयार नव्हते, तेव्हा कागदी टोपी तिच्यावरच चढवली. एकावर एक दोन टोप्या घातलेला माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला, आणि हसायची कोणाची हिंमत नव्हती.

हरीभाऊंनी हात धुतले आणि पानं मागितली. मनीषा आणि नितेश सागाची पानं आणायला गेले. सागाची झाडं गाड्या लावायच्या जागेला लागूनच होती, तरी दोघांना बराच वेळ लागला. येसूबाईंनी पानं पुसून ओट्यावर मांडली. मग हरीभाऊ कोयता मागू लागले. कोयता नव्हता. बिष्टांनी आपली स्वतःची सुरी काढून दिली. ती ते मलाही कधी हातात देत नसत.

हरीभाऊ कामाला लागले. मांडी सोडवली, तुकडे केले. आधी चांगलं मांस पानापानावर फिरलं, मग चरबी, मग हाडाला लागलेलं. एखादा तुकडा उचलून या पानावरून त्या पानावर ठेवायचे, मागे सरायचे, मान तिरकी करून बघायचे. वाटे झाले सात.

"सहा माणसं आहेत," मी म्हणालो.

"तुमी जेवत नाय का?"

त्या हॉटेलात हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

नळी त्यांनी बाजूला काढून ठेवली. नळी म्हणजे मांडीचं गराने भरलेलं हाड. ती चोखण्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. "नळी वाट्यात जात नाय," ते म्हणाले. "तिच्यावरून भांडनं. ती देवाच्या भगताची. हितला भगत कोन?" सगळ्यांनी बिष्टांकडे बघितलं. हरीभाऊंनी दोन्ही हातांनी नळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बिष्टांनी हात पुसून ती उचलली. मग म्हणाले, "हमारे गाँव में मालू के पत्ते पर करते हैं. बिल्कुल ऐसे ही."

वाटे निखाऱ्यावर चढले. हरीभाऊ समोरच उभे राहिले. स्वतः घातलेला वाटा डोळ्यांसमोर कडा वळवत, चरचरत लहान होताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार, कारण पातेल्यात रश्शात हे दिसत नाही. एकदम ते ओरडले, "अगो, बग गो! आटला! खरंच आटला!" येसूबाईंनी वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"तेच मघापासून सांगत होतो," मी म्हणालो.

"सांगून काय व्हतंय? दाखवायचा व्हता."

सगळं पूर्ण भाजलं, कपाळापेक्षा टणक. बिष्टांनी तोंड फिरवून घेतलं. मागच्या पडवीतून स्टाफचा डाळभात आला, कारण त्याशिवाय ते जेवण आहे हे कोणी मानलं नसतं. आणि मी त्या खुर्चीवर बसलो. वर्षानुवर्षं मी ती खुर्ची मागे ओढून लोकांना बसवलं होतं. ती किती खोल आहे, हे मला तेव्हा कळलं. बसल्यावर गुडघे वर येतात.

हरीभाऊंचा भात संपत आला. मी विचारलं, "आणखी?" ते म्हणाले, "नको." मी थांबलो. टेबलाखालून मंदाने माझ्या नडगीवर लाथ मारली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नको’. पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही, भाताचं भांडं सरळ त्यांच्या बशीवर उपडं केलं. माझ्या गुरूंनी हे बघितलं असतं तर माझा कोट काढून घेतला असता. हरीभाऊंनी समाधानाने सुस्कारा सोडला आणि कालवलं.

मग रुमाल पुन्हा बाहेर आला, गाठ सुटली. सुपारी फोडायला अडकित्ता लागतो, तो मी आणला नव्हता. तो माझ्या घरी, मंदाच्या कोंबड्याशेजारी राहिला होता. बिष्ट आत गेले आणि मांस ठेचायचा लोखंडी हातोडा घेऊन आले. हरीभाऊंनी पांढऱ्या कापडावर सुपारी ठेवली आणि एक घाव घातला. अर्धी सुपारी उडून मामाच्या त्या अख्ख्या तुकड्यावर जाऊन पडली.

"व्याही," हरीभाऊ मला म्हणाले, "तुमच्या मेव्हन्याला सांगा, आता तरी तो तुकडा खा."

मनीषा हसता हसता रडत होती. मी रडता रडता मामाची बशी उचलली, कारण ती उचलायची वेळ झाली होती.

ही गोष्ट शेठच्या कानावर जायला दोन दिवस लागले. मला वाटलं नोकरी गेली. पण शेठ म्हणजे शेठ. पुढच्या महिन्यात मेन्यूत नवीन ओळ आली, ‘उंबरमाळी वाटा, सागाच्या पानावर’, आणि त्याच्यापुढे असा आकडा की तेवढ्यात उंबरमाळीत शेळीचं करडू आलं असतं. मुंबईचे लोक फोटो काढून खायचे. हरीभाऊंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग एवढंच म्हणाले, "वाटा इकतात?" त्यानंतर तो पदार्थ वाढताना मला दर वेळी थोडी लाज वाटायची. बंद करा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

यंदा जत्रेला त्यांनी मला बोलावलं. गेलो. देवळामागे सागाची पानं मांडलेली, सगळा पाडा भोवती उभा, आणि मधे माझा व्याही, एकाच टोपीत. वाटा घराला एक, आणि घर म्हणजे पाड्यातलं घर. पाहुणा जेवून जातो, त्याला वाटा नसतो. शेवटी एक पान जास्तीचं दिसलं. कोणीतरी विचारलं, "ह्यो कोनाचा?" हरीभाऊ मान वर न करता म्हणाले, "टोकावड्याचा." कोणी काही बोललं नाही. मी तो वाटा उचलला, पानात बांधला, पिशवीत घातला आणि एसटीने घरी आणला. मांडीवर ठेवूनच आणला.

मंदाने पान सोडलं. वरचं मांस बाजूला केलं आणि थांबली. खाली, चरबीच्या आड, अख्खी नळी होती.

"अवो, ही भगताची ना? चुकून आली वाटतं."

ज्याच्या नजरेला वजनकाटा लागत नाही, त्याच्या हातून नळी चुकून जात नाही. आज्यापासून कोणाला कमी नाही आणि कोणाला जास्त नाही, असा हा माणूस. माझ्यासाठी त्याने सगळ्या गावासमोर एकदा लबाडी केली होती. मंदाला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी पानं गोळा करायला लागलो. तिला दिसलाच. ती पातेलं चुलीवर ठेवत म्हणाली, "कितीसा शिजवू, सर?"

"पूर्ण," मी म्हणालो.

भगताच्या पानात त्या दिवशी काय गेलं, ते मला माहीत नाही. हा अंक उंबरमाळीकडे जातो का, हे मी संपादकांना दोनदा विचारलं आहे. दोन्ही वेळा ते ‘नाही’ म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही.